इशारा आणि शेवटची झोपडी

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दाराशी, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. त्या शिक्षणातला पहिला धडा असा की, फलकावर नोटीस लागली म्हणजे ती कामगाराला कळली असे नव्हे. व्यवस्थापक म्हणतो, "नोटीस लावली होती." रात्रपाळीचा निरक्षर कामगार म्हणतो, "मला कोणी सांगितले नाही." दोघेही खरे बोलत असतात, नोकरी मात्र एकाचीच जाते. बंगालच्या उपसागराच्या काठी याच प्रश्नापायी नोकरी नव्हे, जीव जातो. म्हणून बांगलादेशाच्या गेल्या अर्धशतकाचा हा इतिहास आम्हांस आपलासा वाटतो.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी चक्रीवादळ धडकले. समुद्र बेटांवर चढला. तीन ते पाच लाख माणसे गेली असा अंदाज आहे. वादळाची वार्ता नव्हती काय? होती. मागाहून चौकशी झाली तेव्हा दिसून आले की, शेकडा नव्वदांहून अधिक लोकांना वादळ येत असल्याचे ठाऊक होते. पक्क्या इमारतीचा आसरा मात्र शेकडा एकानेच घेतला. पक्क्या इमारती होत्याच किती? शिवाय महिन्यापूर्वीच एक वादळ येऊन गेले होते आणि त्याने फारसे नुकसान केले नव्हते. इशारा पोचला, पण विश्वास पोचला नाही आणि आसराही नव्हता. त्या वेळच्या पाकिस्तान सरकारच्या थंडपणाने लोक चिडले. पुढे डिसेंबरातील निवडणूक, १९७१ चे युद्ध आणि नव्या राष्ट्राचा जन्म झाला. त्यामागच्या अनेक कारणांत या रात्रीचीही गणना होते.

या धड्यातून १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या साहाय्याने चक्रीवादळ-सिद्धतेचे काम सुरू झाले आणि १९७३ मध्ये सरकारने त्यात भागीदारी पत्करली. यातली योजना पाहण्यासारखी आहे. हवामान खात्याची वार्ता बिनतारी यंत्राने तालुक्यापर्यंत जाते. तेथून पुढे मात्र यंत्राचे राज्य संपते आणि माणसाचे सुरू होते. गावातलाच स्वयंसेवक, बिनपगारी, हातात कर्णा आणि हाताने फिरवायचा भोंगा घेऊन दारोदार फिरतो. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन बावटे चढतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बावटे मोजता येतात. आज असे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत.

परंतु एका दिवसात सारे साधले नाही. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे दगावली. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या. आसऱ्याच्या इमारती अपुऱ्या होत्या आणि घर सोडण्याचा निर्णय बाईच्या हाती नव्हता. पुढे इमारती वाढल्या. स्वयंसेवकांत स्त्रिया आल्या आणि आज त्या निम्म्या आहेत. २०२० च्या अम्फान वादळात वीस लाखांवर माणसे वेळेत हलवली गेली आणि त्या देशातील मृत्यू शंभराच्या आत राहिले. पन्नास वर्षांत एका गरीब राष्ट्राने हे करून दाखविले आहे.

आता खरी कसोटी पाहा. २५ ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर रोहिंग्या जीव घेऊन पळाले आणि कॉक्सबाजार जिल्ह्यात आले. ज्या राष्ट्राचे सुमारे एक कोटी लोक १९७१ मध्ये आपल्या देशात आसऱ्याला आले होते, त्याने या लोकांना दार उघडले. हे ऋण जगाने मानले पाहिजे. पण टेकड्यांवरची झाडे तुटली, उतारावर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पक्के बांधकाम करण्यास मनाई होती. तीन बावटे चढले तर या माणसाने जावे कोठे?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न कार्यक्रमाच्या पुढारपणाने तेथे आणीबाणीची दूरसंचार-व्यवस्था उभी राहिली. बिनतारी संच आले, मदत करणाऱ्या संस्था एकमेकींशी बोलू लागल्या. हे आवश्यकच होते. पण ही वाट कचेरीपासून कचेरीपर्यंतची. शेवटच्या झोपडीची वाट २०१८ मध्ये उघडली. निर्वासितांतूनच स्वयंसेवक निवडले, त्यांना तेच बावट्यांचे शिक्षण दिले. रोहिंग्यांची बोली चितगावच्या बोलीच्या जवळची. शुद्ध बंगाली किंवा लेखी पत्रक त्यांतल्या अनेकांना उपयोगाचे नव्हते. आपल्या बोलीत, आपल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेलेच खरे.

आणि नेमक्या याच वेळी हात आखडला. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव छावण्यांतील मोबाईलचे वेगवान इंटरनेट बंद करण्यात आले. ते ऑगस्ट २०२० अखेर परत आले. मधल्या काळात करोनाची साथ येऊन ठेपली होती. बातमीची तार तोडली आणि काटेरी तार उभारली. २२ मार्च २०२१ रोजी छावणीत भीषण आग लागली, सुमारे ४५ हजार माणसे उघड्यावर आली, जीवही गेले. पळताना कुंपण आड आले, असे वाचलेल्यांनी सांगितले.

१४ मे २०२३ रोजी मोखा वादळ आले. छावण्यांतील हजारो झोपड्या मोडल्या, पण मोठी प्राणहानी टळली. निर्वासित स्वयंसेवक आधीपासून दारोदार फिरत होते. पलीकडे म्यानमारात सित्वेच्या आसपास शंभरावर रोहिंग्या मेले. वादळाचा खरा तडाखा तिकडे बसला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इकडे केवळ तयारीने सारे तरले असे आम्ही म्हणणार नाही. पुढचे वादळ वाट बदलीलच असेही नाही.

आम्ही आयुष्यभर बावट्याखाली उभे राहिलो. बावटा कापडाचा असतो. त्याला किंमत येते ती त्याच्याकडे पाहून उठणाऱ्या माणसामुळे आणि उठल्यावर त्याला जायला जागा असल्यामुळे. इशारा दिला की नाही, याचा हिशेब वरच्या कचेरीत मांडू नये. तो शेवटच्या झोपडीत जाऊन विचारावा: "बाई, तुला कळले का? आणि कळल्यावर तू कोठे गेलीस?"