२५५च्या पुढचं आकाश

मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम बहुतेकांना माहीत असतं ते तिथल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि जयंतीच्या महाप्रसादामुळे. पुरी, वांग्याची भाजी आणि शेतात बसलेली लाखाच्या घरातली पंगत! कॅमेरा गळ्यात घेऊन गेलेल्यांची परीक्षा मात्र पहाटेच होते. मोकळं शिवार, कोराडी धरणाचं पाणी आणि समोरून वर येणारा सूर्य. फोटो काढला की दोनपैकी एक ठरलेलं: आकाश सुरेख येतं आणि शिवार काळं ठिक्कर पडतं, नाहीतर शिवार दिसतं आणि आकाशाच्या जागी पांढरा डाग.

याचा कॅमेऱ्याच्या किमतीशी फारसा संबंध नाही. ही भानगड फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत जाहीर केली. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. मेहनतीपेक्षा मोठी अडचण अशी, की ही काच जवळजवळ फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखायची. हिरवी झाडं आणि तांबडी माती उमटायला वेळ लागायचा, तोवर निळं आकाश केव्हाच जळून गेलेलं! १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. इकडे बुलढाण्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात रॉबर्ट गिल अजिंठ्याची लेणी टिपत होता. त्या जमान्यातले निसर्गाचे फोटो बघा, आकाश बहुधा कोऱ्या कागदासारखं असतं. त्यांच्या डोक्यावर ढग नव्हते असं नाही, काचेला ते पेलत नव्हते.

यावर फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७च्या सुमारास तोडगा काढला. समुद्राच्या काही फोटोंसाठी त्याने दोन निगेटिव्ह वापरल्या, एक आकाशाची आणि एक पाण्याची. क्षितिजावर सांधा जुळवून दोन्हींचा मिळून एक प्रिंट. फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधी!

पुढे १८७३ मध्ये हर्मान फोगेलने रसायनात रंगद्रव्यं मिसळली तर काच हिरवा प्रकाशही ओळखते हे दाखवलं. आणि १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने आपल्यासारख्या इंजिनियर मंडळींना आवडेल असं काम केलं: मोजमाप. किती प्रकाश दिला की निगेटिव्ह किती काळी होते याचा आलेख काढला. तो इंग्रजी एस अक्षरासारखा निघाला. वरच्या टोकाला तो एकदम तुटत नाही, हळूहळू वाकतो. म्हणून निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश थोडा जास्त झाला तरी ढगांचे तपशील दाबून का होईना, शिल्लक राहायचे. जुने लोक 'सावलीसाठी एक्स्पोजर दे' म्हणायचे ते याच भरवशावर.

डिजिटलने हा भरवसा काढून घेतला. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक छोटी बादली. ती भरली की वरचं सगळं वाहून जातं. आठ बिटांच्या जेपेगमध्ये २५५ ही शेवटची पायरी. खरा आकडा ३०० असो वा ३०००, लिहिलं जाणार २५५च. ओव्हरफ्लो होऊन एरर येत नाही, गुपचूप डेटा जातो. अशी माहिती कुठल्याच स्लायडरने परत येत नाही. सावलीतला डेटा मात्र नॉइजसकट का होईना, असतो. म्हणून नियम उलटा झाला: एक्स्पोजर उजेडासाठी द्या, सावली नंतर उचला.

सूर्योदयाला आणखी एक खोच आहे. आकाश केशरी असतं, त्यामुळे लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतं. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि घरी येऊन बघावं तर केशरीच्या जागी पिवळट चट्टा. तेव्हा तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे बघा. रॉमध्ये फोटो काढा. सूर्याच्या बिंबाचा नाद सोडा, ते जळणारच. बिंबाच्या बाजूच्या आकाशावर मीटरिंग करा. ट्रायपॉड असेल तर दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर घ्या आणि ल ग्रेसारखा सांधा जुळवा.

आता मोबाइल हे सगळं स्वतःच करतो. गूगलने २०१३ मध्ये आणलेलं एचडीआर प्लस मुद्दाम कमी उजेडाच्या अनेक फ्रेम घेतं, त्या एकत्र करतं आणि मग सावल्या उचलतं. सोय उत्तमच. पण यात एक निर्णय आपल्या हातून निसटतो. समजा, जयंतीच्या दिवशी उगवत्या सूर्यासमोरून आश्रमाकडे माणसं चालत येताहेत. आकाश राखलं तर त्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. चेहरे राखले तर सूर्योदय जातो. दोन्ही राखले तर कधीकधी पहाट पहाटच वाटत नाही, दुपारी अकराचा उजेड वाटतो. नारायण दाजींच्या पिढीपुढे हा पर्याय नव्हता, त्यांचं आकाश जायचंच. आपल्याला निवड आहे, तर ती फोनवर कशाला सोडायची? मी चेहरे राखीन. सूर्य उद्याही उगवणार आहे, पण तीच माणसं त्याच बांधावरून उद्या येतीलच असं नाही.

असो. येत्या शनिवारी गजर पाचचा लावा, आणि शटर दाबण्याआधी काय जळू द्यायचं ते ठरवून ठेवा :)