बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावरचे ओझे त्याच दिवशी उतरले, असे आपण सहज धरून चालतो. 1907 च्या आत्मनिवेदनात त्या स्वतः वेगळेच सांगतात. ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, ख्रिस्त भेटायला आणखी आठ वर्षे जावी लागली. हे ओझे जुने होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडले. होते नव्हते ते दानधर्मात गेले, व्रते झाली, उपास झाले, आणि 1874 च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. पुण्य आपणच कमवायचे आणि ते कधीच पुरे पडत नाही, ही बोच बाप्तिस्म्याने गेली नाही. आता चांगली ख्रिस्ती होण्याची धडपड सुरू झाली एवढेच. क्षमा कमवावी लागत नाही, ती मिळते, हे उमगले तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या.

देवाला शरण जाणारा माणूस पाद्र्यांनाही शरण जातो, हा आक्षेप रमाबाईंच्या बाबतीत टिकत नाही. 1885 मध्येच त्यांनी वाँटिजमधल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेरल्डाइन यांना कळवले होते की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही. पुढे केडगावला काढलेले मुक्ती मिशनही त्यांनी कोणत्याच एका चर्चच्या पंथाला बांधून टाकले नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आश्रयाला आलेल्यांना त्यांनी ख्रिस्ती धर्माकडे ओढले.  रमाबाईंच्या कामावरून वाद परदेशातही झाला, 1895 मध्ये ब्रुकलिनला. हिंदू विधवांच्या स्थितीवरून रमाबाईंच्या अमेरिकन पाठीराख्या आणि विवेकानंद समोरासमोर आले होते. त्याआधी, 1893 मध्ये, रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या पुण्याच्या शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या टीकेत तथ्य आहे. आश्रयाला आलेली मुलगी आश्रयदात्रीच्या श्रद्धेकडे ओढली जाणारच, आणि मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही हे वचन अशा घरात पाळणे फार कठीण. रमाबाईंवर प्रेम करणाऱ्यांनीही हे मान्य करायला हवे.

तरीही भाकरीसाठी धर्मांतर एवढ्यावर केडगावचा हिशेब मिटवणे मला अन्यायाचे वाटते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली व बायका घेऊन आल्या. ज्या उपासमारीने त्यांचे घर खाल्ले, तिच्याच समोर त्या पुन्हा उभ्या राहिल्या. स्वतःच्या पापपुण्याचे गणित मांडत बसलेल्या माणसाला हे झेपले नसते. केडगावात मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. शरणागती खरी की बेगडी, हे ती कुणाच्या उपयोगी पडली यावरून ठरवावे, आणि या कसोटीला रमाबाई उतरतात. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीतल्या बायकांनीच छापले. ते काम 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या तोवर चालू होते.