हिराईचें चांदें

ताडोबाच्या वाघांसाठीं येणारा प्रवासी चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटांतून भरधाव निघून जातो. अंचलेश्वर वेशीशीं मात्र त्यानें उतरावें. तेथें देवळालगत राजा बीरशहाची समाधि आहे. १७०४ च्या सुमारास राजा मारला गेला, पुत्र नव्हता. राणी हिराईनें दत्तक रामशहाच्या नांवानें राज्य चालविलें, महाकालीचें देऊळ उभारलें आणि पतीची ही समाधि बांधविली. ताजमहाल पतीनें पत्नीसाठीं बांधला, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. त्याचें हें उलट उदाहरण विदर्भाबाहेर फारसें कोणी जाणत नाहीं! गडचिरोलीकडे वैनगंगेकांठीं मार्कंड्याचीं देवळें आहेत. मुख्य देवळाचें शिखर विजेनें कोसळलें, तरी भिंतींवरील शिल्पें पाहण्यासारखीं आहेत. त्यांकरितां एक दिवस निराळा काढावा.