जड आयन संमीलन वेगवर्धक
जड आयन संमीलन वेगवर्धक : अणुकेंद्रीय संमीलनाने (हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्र बनण्याच्या क्रियेने) वीज निर्माण करण्यासाठी इंधनाच्या लहान गोळीवर जड मूलद्रव्यांच्या आयनांचा (विद्युत् भारित अणूंचा) मारा करणारा कणवेगवर्धक. अशा वेगवर्धकांचे अनेक आराखडे १९७६ पासून तयार झाले. तथापि पूर्ण आकाराचा एकही अद्याप उभारला गेलेला नाही.

तत्त्व : ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनाच्या जड समस्थानिकांनी भरलेल्या काही मिमी. व्यासाच्या गोळीचे आवरण अत्यल्प काळात तापविले, तर ते बाहेर उधळते व त्याच्या प्रतिक्रियेने आतील इंधन दाबले जाते. निरूढीमुळे (जडत्वामुळे) इंधन विखुरण्यास जो क्षणभर विलंब लागतो, तेवढ्यात संमीलन घडवून आणावयाचे असते. जे. एच. नकल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली लेसरच्या साहाय्याने असे संपीडन करण्याची कल्पना प्रसिद्ध केली. परंतु विद्युत् केंद्रात दर सेकंदाला अनेक गोळ्या पेटवाव्या लागतात आणि तत्कालीन मोठे लेसर एका स्पंदानंतर थंड होण्यास बराच वेळ घेत. त्यांची कार्यक्षमताही अत्यल्प होती. उष्णतेपैकी ४०% भागाची वीज होते असे धरले, तर १% कार्यक्षमतेच्या यंत्राची स्वतःची गरज भागविण्यासाठीच गोळीतून २५० पट ऊर्जा मिळावी लागते. २५% कार्यक्षमतेच्या यंत्राला दहापट पुरते.

उगम : भौतिकीच्या संशोधनासाठी बांधलेले वेगवर्धक वर्षानुवर्षे, सेकंदाला अनेक स्पंद देत चालतात. हा अनुभव पाठीशी असलेल्या ए. डब्ल्यू. मॅश्के (ब्रुकहेवन) व आर. एल. मार्टिन (अरगॉन) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जड आयनांचा पर्याय पुढे आणला आणि १९७६ साली बर्कली येथे या विषयावरील पहिली परिषद भरली. प्रोटॉन पातळ आवरणात थांबवावयाचे, तर त्यांची ऊर्जा सु. ५० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच ठेवावी लागते व आवश्यक शक्तीसाठी १० कोटी अँपिअर प्रवाह लागतो. बिस्मथासारखा जड आयन मात्र १० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असूनही घन द्रव्यात १ मिमी.च्या आत थांबतो. त्यामुळे ५०,००० अँपिअर प्रवाह पुरतो.

अभिकल्प : हा प्रवाहही कोणत्याही आयन उद्गमातून सरळ मिळत नाही. सु. ५० लक्ष जूल ऊर्जा सेकंदाच्या दहा कोटींव्या भागात, म्हणजे ५०० अब्ज किलोवॉट शक्तीने, काही मिमी. जागेवर केंद्रित करावी लागते. एकाच प्रकारचा विद्युत् भार असलेले आयन परस्परांना दूर लोटतात. शिवाय लीउव्हिल प्रमेयानुसार शलाकेतील कणांची स्थान व संवेग यांच्या अवकाशातील घनता मनास येईल तशी वाढविता येत नाही. म्हणून प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवून अनेक शलाका लक्ष्यावर एकत्र आणतात.

यासाठी दोन मार्ग निघाले. पहिल्यात रेडिओ कंप्रतेच्या रेषीय वेगवर्धकातून आलेले आयन संचय वलयांत साठवून नंतर संकोचित करतात. जर्मन संस्था व अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठ यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला ‘हायबॉल’ आराखडा या प्रकारचा असून त्यात एकाच वेगवर्धकाने चार विक्रिया कक्ष चालविण्याची योजना होती. दुसरा मार्ग प्रवर्तन वेगवर्धकाचा. त्यात चुंबकीय गाभ्यांच्या मालिकेतून जाणारी शलाका ही जणू रोहित्राची दुय्यम गुंडाळीच असते. एन. सी. क्रिस्टोफिलॉस यांनी लिव्हरमूर येथे इलेक्ट्रॉनांसाठी वापरलेली ही पद्धती डी. कीफ यांनी बर्कली येथे आयनांसाठी सुचविली. तीत शलाका वेग घेत असतानाच आखूड होते व प्रवाह वाढतो.

प्रयोग : चतुर्ध्रुवी भिंगांच्या लांब मालिकेतून सीझियम आयनांची तीव्र शलाका अपेक्षेपेक्षा अधिक स्थिर राहते, असे बर्कली येथे १९८० नंतरच्या दशकात आढळले. त्याच दशकात ‘एमबीई–४’ यंत्रात चार शलाका एकत्र वेगवर्धित करून प्रवाहवृद्धी सिद्ध झाली. लिव्हरमूरच्या जुन्या इलेक्ट्रॉन वेगवर्धकाचे भाग वापरून उभारलेले ‘एनडीसीएक्स–२’ २०१२ साली पूर्ण झाले. तथापि त्याचा मुख्य रोख तप्त, घन द्रव्याच्या अभ्यासाकडे होता.

मूल्यमापन : या क्षेत्राची खरी अडचण मापाची आहे. लेसर लहानापासून क्रमाने मोठा करता येतो व प्रत्येक टप्प्यावर त्याने गोळीवर प्रयोग करता येतात. जड आयनांच्या बाबतीत गोळी दाबली जाण्याजोगी शक्ती मिळण्यापूर्वीच खर्चिक यंत्र बांधावे लागते. त्यामुळे घटक सुटेसुटे तपासले गेले, पण संपूर्ण साखळी कधीच जोडली गेली नाही. लिव्हरमूर येथे ५ डिसेंबर २०२२ रोजी गोळीवर २०.५ लक्ष जूल लेसर ऊर्जा टाकून ३१.५ लक्ष जूल संमीलन ऊर्जा मिळविण्यात आली. गोळी प्रयोगशाळेत पेटू शकते, हे यामुळे सिद्ध झाले. परंतु त्या लेसरला विद्युत् जालातून सु. ३० कोटी जूल ऊर्जा घ्यावी लागली. कार्यक्षमतेचा जो प्रश्न १९७६ साली वेगवर्धक तज्ञांनी उपस्थित केला होता, तो त्यामुळे अजूनही कायम आहे.