मोबाइल ब्राउझर आणि मध्यस्थ

वर्तमानपत्र, बँकेचा हिशेब आणि मुलांच्या परीक्षांचे निकाल आज ज्या खिडकींतून घरोघरीं पाहिले जातात, त्या मोबाइल ब्राउझरचा इतिहास अवघ्या पंचवीस-तीस वर्षांचा आहे. तथापि त्यांत एक प्रश्न आरंभापासून दडलेला आहे. पान आपल्या हातीं येण्यापूर्वीं तें कोणाच्या नजरेखालून जातें?

१९९८ सालीं ठरलेल्या वॅप पद्धतींत फोनसाठीं पानें निराळ्या भाषेंत पुन्हां लिहावीं लागत. जपानांत डोकोमो कंपनीची आय-मोड सेवा १९९९ च्या फेब्रुवारींत सुरू झाली व फार लोकप्रिय ठरली. परंतु तीही फोनकरितां वेगळें लिहिलेल्या पानांवरच उभी होती. वाचकास ग्रंथ मिळत नसे, त्याचा सारांश मिळे.

ही अडचण नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीनें युक्तीनें सोडविली. २००५ सालीं स्वदेशीं व जानेवारी २००६ मध्यें सर्व जगांत तिनें ऑपेरा मिनी आणला. पान फोननें उघडावयाचें नाहीं. तें कंपनीच्या सर्व्हरनें उघडावें, मांडावें, आटवावें आणि मग फोनकडे धाडावें, अशी ही योजना होती. पानाचा भार त्यामुळें पुष्कळच घटे, आणि साध्या बटणांच्या फोनवरही सारें जग खुलें होई.

मराठी वाचकास या युक्तीचा आणखी एक लाभ झाला. त्या काळच्या अनेक फोनांत देवनागरी अक्षरेंच नसत. मराठी पान उघडलें कीं रिकाम्या चौकोनांच्या ओळी दिसत. ऑपेरा मिनींत एक आडबाजूची सोय होती. ती चालू केल्यास सर्व्हर अक्षरांचें चित्र काढून पाठवी. चित्र मजकुराहून जड असे, परंतु वाचतां येई. आपल्या लिपीस त्या लहानशा पडद्यावर आश्रय मिळाला तो असा.

मात्र या उपकारास मोल होतें. जो आपल्याकरितां पान उघडतो, त्यास तें दिसतेंच. सांकेतिक लिपींत चाललेला व्यवहारही सर्व्हरवर उलगडला जाई. कंपनीनें ही गोष्ट लपविली नव्हती, पण ती विचारणारे थोडे. पुढें २०१६ सालीं हा ब्राउझरचा व्यवसाय चिनी खरेदीदारांच्या एका गटाकडे गेला. वाचकांनीं विश्वास एकावर ठेवला, आणि तो दुसऱ्याच्या हातीं सुपूर्द झाला.

दरम्यान २००७ सालीं ॲपलच्या आयफोननें संपूर्ण पान फोनवरच मांडून दाखविलें. त्याच्या सफारी ब्राउझरचें वेबकिट हें यंत्र केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएलपासून निपजलेलें. २०१३ सालीं गूगलनें वेबकिटपासून ब्लिंक ही शाखा काढली. त्याच वर्षीं ऑपेरानें आपलें प्रेस्टो हें यंत्र सोडण्याचें ठरविलें. आज अँड्रॉइडवर फायरफॉक्ससारखे अपवाद वगळतां बहुतेक ब्राउझर ब्लिंकवर चालतात. आयफोनवर तर सर्वांस वेबकिटच वापरावें लागे. युरोपीय संघाच्या कायद्यामुळें मार्च २०२४ पासून तेथें ती सक्ती सैल झाली.

मध्यस्थ दूर झाला म्हणून आम्ही निश्चिंत व्हावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पूर्वीं तो पानाच्या वाटेंत उभा होता. आतां तो पान कसें मांडावें याचे नियम ठरवितो, आणि असे ठरविणारे दोन-तीनच उरले आहेत. ग्रंथाची निवड आपण काळजीपूर्वक करतों. ज्या खिडकींतून तो वाचावयाचा तिची निवडही तितक्याच जाणतेपणानें व्हावी.