दालचिनी: नाव कुणाचं, साल कुणाची?



उन्हाळा लागला की आपले गट मसाले कुटायला घेतात. धने, मिरची, दगडफूल ही नावं घरचीच वाटतात. दालचिनीत मात्र ना डाळ आहे, ना चिनी साखर. हे नाव फारसीतून आलं. दार म्हणजे लाकूड आणि चिनी म्हणजे चीनचं. दारचिनी, चीनचं लाकूड! आपल्या तोंडी 'र'चा 'ल' झाला. काही दुकानांत आपण कलमी मागतो, ती कलम म्हणजे बोरू. गुंडाळलेली साल बोरूसारखीच दिसते.

साल मात्र आपल्याकडं फारसी नावाच्या कितीतरी आधीपासून आहे. आयुर्वेदात तिला त्वक् म्हणतात, म्हणजे झाडाची त्वचा. खोकल्याच्या सितोपलादी चूर्णात ती असते. तज हा शब्दही याच त्वचेतून आला.

पश्चिमेकडच्या लोकांना ती कुठून येते हेच ठाऊक नव्हतं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलंय की मोठे पक्षी तिच्या काड्यांची घरटी करतात आणि अरब लोक मांसाचे तुकडे ठेवून ती पाडतात. व्यापाऱ्यांनी भाव टिकवायला रचलेली गोष्ट असावी, असं आम्हाला वाटतं. पुढं 1505 मध्ये पोर्तुगीज श्रीलंकेत पोचले, 1658 पर्यंत डचांनी त्यांना हुसकावलं. या सालीपायी तिथल्या सलागम जातीच्या लोकांना वेठीनं जंगलात साल सोलायला जावं लागे. इतिहासात राजांची नावं येतात, सोलणाऱ्या हातांची येत नाहीत.

आता आपल्या कामाचं. अन्नसुरक्षेच्या नियमांत दालचिनी आणि तज यांची मानकं वेगळी आहेत. श्रीलंकेची पातळ, अनेक पदरांची, हातानं चुरडणारी ती दालचिनी. चीन-व्हिएतनामची जाड, एकपदरी, टणक ती तज. म्हणजे 'चीनचं लाकूड' हे नाव मिळालं लंकेच्या सालीला! तज स्वस्त असते आणि दुकानदार तीच दालचिनी म्हणून देतो. आपण लेबलवर दालचिनी छापली, तर जबाबदारी गटाची.

मसाल्यात तज वाईट नाही. पण तिच्यात कुमारिन जास्त असतं. साखर उतरावी म्हणून कुणी रोज चमचाभर पूड घेत असेल, तर यकृताला त्रास होऊ शकतो. अशा ताईंना आधी डॉक्टरांना विचारायला सांगा. आणि पुढची खरेदी करताना काडी मोडून बघा, बिलावर नाव नीट लिहून घ्या.