नकाशावरचा हिवाळा

उत्तर वेल्समधल्या ऑग्वेन खोऱ्यात हिवाळी शनिवार-रविवारसाठी डोंगर चढणाऱ्या क्लबांची मंडळी उतरतात, तेव्हा शुक्रवारी रात्री पहिलं काम असतं नकाशा पसरण्याचं. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे वाट आधीच ठरवावी लागते. बाहेरून आलेल्याला त्या नकाशावर नुसती व्यंजनांची गर्दी दिसते. वेल्श भाषेची थोडी ओळख झाली की त्याच गर्दीतून खडकाचा रंग, उंची, खिंड, तळं असं सगळं वर येऊ लागतं.

पहिली अडचण असते ती शब्दाच्या तोंडाची. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं : घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये बदलतं ते पहिलं अक्षर. 'बाख' म्हणजे लहान, 'माउर' म्हणजे मोठा. पण स्त्रीलिंगी नामामागे आले की त्यांचे 'वाख' आणि 'वाउर' होतात. म्हणून शेजारशेजारच्या दोन शिखरांची नावं ग्लिडर वाख आणि ग्लिडर वाउर. 'मॉइल' म्हणजे बोडका, उघडा डोंगर. एका ठिकाणी तो मॉइल शाबोद असतो, दुसरीकडे त्याच शब्दाचा 'वॉइल' होतो. 'बान' म्हणजे शिखर. दक्षिणेतल्या ८८६ मीटरच्या पेन अ वान या नावात तोच 'बान' 'वान' होऊन बसला आहे. आणि ऑग्वेन खोऱ्यातल्या देखण्या ट्रवन शिखराच्या नावातही तोच, 'फार उंच' असं सांगणाऱ्या उपसर्गाला चिकटून. 'पेन' म्हणजे डोकं, आपल्या डोंगरमाथ्यातला माथा.

वेल्समधल्या सर्वांत उंच, १०८५ मीटरच्या शिखराला वेल्श लोक 'अर विद्वा' म्हणतात. 'अर' हे उपपद. मूळ शब्द 'ग्विद्वा', उपपदामागे येताच त्याचा 'ग' गळून पडतो. अर्थ समाधी, थडग्यावरचा दगडांचा ढीग. राजांच्या दाढ्यांचं वस्त्र विणणाऱ्या रिता नावाच्या राक्षसाला आर्थर राजानं मारलं आणि माथ्यावर पुरलं, अशी कथा आहे. इंग्रजी 'स्नोडन' हे नाव जुन्या इंग्रजीतल्या 'हिम' आणि 'टेकडी' या दोन शब्दांचं. ते १०९५ च्या नोंदीत सापडतं, म्हणजे तेही काही कालचं पोर नाही. पण ते लांबून पाहणाऱ्यानं दिलेलं आहे : सपाटीवरून जे पांढरं दिसलं, तेच नाव झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानं शिखरासाठी 'अर विद्वा' आणि प्रदेशासाठी 'एररी' हीच नावं वापरायचं ठरवलं. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. 'एररी'चा संबंध 'एरर' म्हणजे गरुड या शब्दाशी जोडायची लोकांना फार हौस. इवोर विल्यम्स या भाषापंडितानं मात्र तो उंचवट्याशी, वर येण्याच्या अर्थाशी जोडला. गरुड सुंदर आहे, पण मी पंडिताच्या बाजूनं.

हिवाळ्याला वेल्शमध्ये 'गेयाव' म्हणतात. ऐकून कुणालाही वाटणार नाही, पण हा शब्द आपल्या हिम आणि हेमंत यांचा सख्खा नातलग आहे; तिघेही एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले. उन्हाळा म्हणजे 'हाव'. त्याचं नातं संस्कृतातल्या वर्षवाचक 'समा' या शब्दाशी. मूळ 'स'चा वेल्शमध्ये अनेक ठिकाणी 'ह' झाला, जसा फारसीत झाला आणि आपल्या सप्ताहाचा चुलतभाऊ हफ्ता तयार झाला. याच 'हाव'पासून 'हावोद' म्हणजे उन्हाळी वस्ती. मेंढपाळ मेमध्ये गुरं-मेंढरं घेऊन वर जात, आणि 'कालान गेयाव'ला, म्हणजे हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी, १ नोव्हेंबरला, खाली 'हेन्द्रे'त परतत. हेन्द्रे म्हणजे जुनं गाव. त्यातला 'हेन' म्हणजे जुना; त्याचाही 'स' हरवलेला, संस्कृतातला 'सन' पाहा. क्लबची माणसं जातात ती नेमकी गुरं उतरल्यानंतरच्या दिवसांत, आइस अॅक्स आणि क्रॅम्पॉन घेऊन.

त्या दिवसांत नावांचा खरा उपयोग होतो. 'क्रीब' म्हणजे फणी आणि डोंगराची धारही. 'क्रीब गोख' म्हणजे तांबडी धार. तांबडा खडक बर्फाखाली गेला तरी धार राहते, आणि नावानंच आधी सांगितलेलं असतं की इथे रुंद वाट नाही. 'बुल्ख' म्हणजे खिंड. धुक्यात उतरायची जागा शोधताना नकाशावर नजर आधी तिथं जाते, आणि वाराही तिथूनच घुसतो.

या सगळ्यांत दूरवर गेलेला शब्द म्हणजे 'कूम'. डोंगराच्या कुशीतला, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेला खोलगट भाग. आपली भूगोलाची पुस्तकं त्याला हिमगव्हर म्हणतात. हिमनदीनं तो कोरलेला असतो, हे १८३१ मध्ये ऑग्वेन खोऱ्यातल्या कूम इद्वालला गेलेल्या चार्ल्स डार्विनच्या लक्षात आलं नव्हतं. पुढे १८४२ मध्ये त्यानं तिथल्या हिमनद्यांच्या खुणांवर लिहिलं. आणि १९२१ मध्ये गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीनं एव्हरेस्ट, ल्होत्से आणि नुप्त्से यांच्यामधल्या बर्फाच्या खोऱ्याला 'वेस्टर्न कूम' म्हटलं. तो वेल्सच्या कड्यांवर चढलेला माणूस होता. एव्हरेस्टवरच्या मराठी पुस्तकांत हा शब्द येतो तेव्हा तो इंग्रजी नसतो, हे वाचताना लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

पण कूम इद्वालच्या वरच, ग्लिडर वाउरच्या खांद्याला, बर्फ धरून ठेवणारा आणखी एक कूम आहे. हिवाळी चढाईवाल्यांत तो लोकप्रिय आहे आणि इंग्रजी बोलणाऱ्या चढाईवाल्यांत त्याचं रूढ नाव आहे 'नेमलेस कूम', बिननावाचा कूम. त्याला नाव नव्हतं असं मुळीच नाही. त्याचं नाव कूम क्नेइव्यॉन, नकाशावरही छापलेलं. 'क्नेइव्यॉन' म्हणजे मेंढीची कातरलेली लोकर. इथं कुणाच्या तरी मेंढ्या होत्या, कातरणी चालत होती, आणि त्या माणसांनी या जागेला आपल्या कामाचं नाव दिलं. पुढे दोर घेऊन आलेल्यांना ते उच्चारता आलं नाही किंवा विचारावंसं वाटलं नाही, आणि नाव असलेली जागा बिननावाची झाली. शेजारच्या 'तुल्ह दी'चं, काळ्या भोकाचं, 'डेव्हिल्स किचन' झालं, त्याचं मला इतकं वाईट वाटत नाही. तिथं निदान एक कल्पना तरी आली. बिननावाचा म्हणणं मात्र नाव पुसणं आहे. क्लबांनी शनिवारच्या चढाईची नोंद वहीत लिहिताना 'क्नेइव्यॉन' असं पूर्ण लिहावं, आणि उच्चार येत नसेल तर खाली गावात, बेथेस्डात, कुणालाही विचारावा. तिथं अजून बहुतेक जण वेल्श बोलतात.